तिसऱ्या इशाऱ्यानंतर

“आधी तीन इशारे. मग गोळी. तीबी कमरेखाली,” असं म्हणून ते स्वतःच्या गुडघ्यावर टिचकी मारायचे.

डोंगरकडा गावातल्या आमच्या बँकेत मी कॅशिअर होतो आणि ते दारावरचे बंदूकवाले, फौजेतून निवृत्त झालेले. बँकेच्या दारात असे मिशीवाले काका तुम्हीही पाहिले असतील. पण पैसे काढायची स्लिप मागणाऱ्या बाईला गोळीबाराचा नियम समजावून सांगणारे आमचेच.

एकदा शाखेत धामण निघाली. टेबलावर चढून मॅनेजर ओरडले, “गोळी घाला!”

काकांनी तिला नीट निरखलं. “हिची कंबर कुठून धरावी, साहेब?”

यावर चर्चा चालू असतानाच धामण दाराखालच्या फटीतून निघून गेली.

मग एका दुपारी एक म्हातारा आत शिरला. तोंडाला रुमाल गुंडाळलेला, हातात कोयता. तो सरळ माझ्या खिडकीकडे येऊ लागला.

“थम!” काकांनी बंदूक रोखली. म्हातारा थांबेना. “दुसरा इशारा!” तरी थांबेना. “तिसरा! आखरी!”

“घाला गोळी!” मॅनेजर टेबलाखालून किंचाळले.

“तिसरा इशारा!” काका पुन्हा म्हणाले. मग, “आखरीच्या नंतरचा आखरी!” त्यांचा आवाज फाटला होता. मी हात वर करून उभा. का, कोण जाणे.

तेवढ्यात एक बाई धावत आली. “अवो, सासरे हायेत माजे! त्यायला ऐकू येत न्हाई! केळीच्या बागेतून तसेच आलेत!”

म्हाताऱ्याने कोयता काउंटरवर ठेवला आणि पासबुक पुढे केलं.

मॅनेजर कपडे झटकत बाहेर आले. “तिसऱ्या इशाऱ्यानंतर काय करायचं असतं?”

“गोळी, साहेब.”

“मग काहून नाही घातली?”

“त्यानं ऐकलंच नसंल तर?”

बंदूक भरलेली होती. काकांची बोटं तिच्यावरून सुटेनात. मीच एकेक करून सोडवली. बोटं थंडगार होती. पाणी दिलं, तर अर्धं मिशीवरच सांडलं.

नियम पाळला नाही म्हणून काही दिवसांत त्यांना काढलं. ते पुसेगावला, आपल्या गावी गेले. दाराला सायरन बसला. पाल सरकली तरी वाजतो.

नंतर एकदा तो म्हातारा आला, कोयत्याशिवाय. सुनेनं घरी सगळं समजावलं असावं. केळ्यांची फणी छातीशी धरून तो दारात बराच वेळ उभा राहिला. ते गेले, असं मी खुणेनं सांगितलं. त्यानं फणी काकांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि खुर्चीच्या पाठीवर हळूच थोपटलं.