यंदा थंडी कमी हाय

रंगनाथ फुंदे यांनी पहिल्याच भेटीत माझ्याकडचे वर्तमानपत्र काढून घेतले, पण वाचण्यासाठी नव्हे. केडगावात पुणे रस्त्यावरच्या एका चहाच्या टपरीवर, जानेवारीतल्या सकाळी सहाच्या सुमारास ही भेट झाली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी नुकतीच सायकल घेतली होती आणि पहिल्याच दिवशी थंडीने हैराण होऊन थांबलो होतो. कॅरिअरला आमच्याच दैनिकाचा अंक अडकवलेला होता. कानटोपी घातलेल्या, साठी ओलांडलेल्या एका उंच माणसाने तो काढला, मधोमध उलगडला, माझ्या स्वेटरची चेन खाली ओढली आणि पाने छातीवर नीट पसरून चेन पुन्हा वर केली.

"वारं छातीत शिरतं, पाठीत न्हाई," ते म्हणाले. "काम काय करता?"

मी याच पेपरात असल्याचे सांगितले. त्यांनी चेनवरून हात फिरवून पाहिले. "चांगला हाय पेपर. कागद जाड हाय."

फुंदे एसटीचे निवृत्त चालक. मूळ गाव पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या अलीकडे फाट्यावरून दोन किलोमीटर आत. नोकरी नगरला झाली, घर केडगावला बांधले. तीस वर्षे त्यांनी बस चालवली आणि त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. त्यांच्या घरातल्या भिंतीवर महामंडळाचे प्रशस्तिपत्र होते, ते मी वाचले. गेल्या वर्षी उन्हाळ्यात, थोड्या आजारपणानंतर, त्या घरातच त्यांचे निधन झाले. या मजकुरातल्या बऱ्याच गोष्टी त्याआधीच्या एका हिवाळ्यातल्या आहेत.

दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा सहा जणांचा गट सकाळी सायकलवर निघत असे. मी, दोन प्राथमिक शिक्षक, एक कापड दुकानदार, खासगी रुग्णालयातल्या परिचारिका शुभांगीताई आणि फुंदे. निघण्याची वेळ सहा दहा. सहा अकराला आलेल्या माणसाला ते ओळख दाखवत, पण थांबत नसत. "गाडी सुटली," एवढेच म्हणत. त्यांची सायकल काळी, उंच, दांडीच्या ब्रेकची. आमच्या गिअरवाल्या सायकलींकडे ते पाहत, किंमत विचारत आणि पुढे काही बोलत नसत. हातमोजे ते वापरत नसत. "मोजं घातलं की ब्रेकचं कळत न्हाई," हे त्यांचे कारण होते.

गटाचा क्रम त्यांनी ठरवून दिला होता. सगळ्यांत हळू चालवणारा सगळ्यांत पुढे, त्याच्याहून थोडा जलद तो त्याच्यामागे, आणि कोणीही कोणाच्या पुढे जायचे नाही. म्हणून कापड दुकानदार कायम पुढे, मी पाचवा आणि फुंदे शेवटी. एकदा एका शिक्षकाने कंटाळून तक्रार केली. "मामा, यांच्या मागे चालवून माझी सायकल गंजायला लागली."

"घाटात भरल्या गाडीला मागनं हॉर्न मारायचा नसतो, गुरुजी," फुंदे म्हणाले.

"मला भरली गाडी म्हणताय का?" पुढून दुकानदाराने विचारले.

"पोट बघून म्हनालो. राग नका धरू."

एक रविवार सोडून एक आम्ही फुंद्यांच्या गावी जात असू. भिंगार, मेहेकरी, करंजीचा घाट उतरून तिसगावच्या बाजूला. अंतर चाळीसच्या आसपास. परतताना सायकली भाजीच्या टेम्पोत टाकून नगरला यायचे. डिसेंबर-जानेवारीत मेहेकरीच्या पुढे माळावरचे गवत पांढरे दिसे. आपल्याकडे त्या थराला काय म्हणायचे, यावर माझी आणि शिक्षकांची चर्चा चाले. फुंदे म्हणत, "गवतावर मीठ पडलंय," आणि विषय संपवत.

या फेरीला कारण होते. दिवाळी झाली की गावातली कर्ती माणसे ऊसतोडीला जातात. घरांना कुलपे लागतात आणि ओट्यांवर म्हातारी माणसे उरतात. फुंद्यांचा पुतण्या आणि त्याची बायकोही जात असत. मागे फुंद्यांच्या थोरल्या भावजय, सोनाबाई, एकट्या राहत. गावात पोहोचल्यावर फुंदे घरोघर फिरत, म्हाताऱ्यांसमोर बसून उसाच्या फडातल्या मुलांना व्हिडिओ कॉल लावून देत. मोबाईल त्या घरांतही होते. मग एवढ्या लांब येण्याची गरज काय, असे मी एकदा विचारले.

"फोनवर कुनी आजारी नसतं, पत्रकार," ते म्हणाले. "समदी बरी असत्यात. जाऊन बघावं लागतं."

"मग बसने जा की. तुम्हाला पास आहे."

"यष्टीनं गेलो की म्हातारी मानसं इचारतात, काय काम काढलं? मंग ती सावरून बसतात. सायकलवाला काय, फिरत फिरत आलेला. त्याच्यापुढं कन्हत्यात बिनधास्त."

ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहीत आहे, त्या वर्षी थंडी नेहमीपेक्षा जास्त होती. हवामान खात्याचे आकडे रोज माझ्याच टेबलावर येत आणि थंडीच्या लाटेची बातमी मी तीन वेळा पहिल्या पानावर लावली होती. त्याच आठवड्यात टपरीवर हात शेकताना फुंदे म्हणाले, "यंदा थंडी कमी हाय. हाताला वाजतच न्हाई." दुकानदार दोन मोजे एकावर एक घालून उभा होता. तो म्हणाला, "मामा, तुमची थंडी मला दिलीय वाटतं कुणी." सगळे हसले. मी आकडा सांगितला. फुंद्यांनी तो ऐकून घेतला. "खात्याचा काटा हाय त्यो," ते म्हणाले. "हात आपला हाय."

त्याच महिन्यात त्यांनी सायकलच्या ब्रेकची रबरे दोनदा बदलली. केडगावातल्या सायकल दुकानदाराने मला सांगितले की पहिली जोडी झिजलेली नव्हती. "मामा म्हणतात ब्रेक उशिरा लागतो. मी दाबून बघितला, जागेवर लागतो." एका सकाळी रेल्वे उड्डाणपुलाच्या उतारावर त्यांचे पुढचे चाक माझ्या कॅरिअरला घासले. आधी असे कधी झाले नव्हते. "रबर नवं हाय, बसायला येळ लागतो," ते म्हणाले. करंजीच्या घाटात माझ्यामागे तेच असणार होते. ही गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मी ती त्यांना बोललो नाही. बातमी पक्की होईपर्यंत छापायची नाही, ही आमच्या धंद्यातली सवय मी इथेही लावली. ती इथे लावायला नको होती.

पुढच्या फेरीला सोनाबाईंच्या घरी बातमी पक्की झाली. आम्ही ओट्यावर बसलो होतो. आत चुलीवर चहा उकळत होता आणि तो उतू जायला लागला तेव्हा सोनाबाई बाहेर लाकूड आणायला गेल्या होत्या. फुंदे उठले, चुलीपाशी गेले आणि पातेले दोन्ही हातांनी काठाला धरून खाली उतरवले. फडके शेजारीच पडलेले होते. पातेले त्यांनी सावकाश ठेवले, एक थेंब सांडला नाही. मग शांतपणे ओट्यावर येऊन ते गुरुजींशी पुढे बोलू लागले.

लाकडे घेऊन आलेल्या सोनाबाई दारातच थांबल्या होत्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "हात बघू."

"काय झालं हाताला?"

"बघू तर."

दोन्ही हातांच्या अंगठ्यांची आणि दोन-दोन बोटांची कातडी फुगून आली होती. फुंदे ती बोटे दुसऱ्या कुणाची असावीत तशी बघत राहिले. शुभांगीताईंनी हातावर थंड पाणी ओतले. मग म्हणाल्या, "मामा, डोळे मिटा. मी कुठल्या बोटाला हात लावते ते सांगायचं."

"ह्ये काय, शाळा हाय का?"

"मिटा."

त्यांनी मिटले. ताईंनी करंगळी धरली. फुंदे ठामपणे म्हणाले, "मधलं." मग त्यांनी अंगठ्याच्या शेजारचे बोट धरले. "धरा की," फुंदे म्हणाले. "कवा धरताय?"

डोळे उघडल्यावर त्यांना चेहरे दिसले असावेत. "तीस वर्सं चाक धरलंय," ते म्हणाले. "घट्टं पडल्यात. दुसरं काय न्हाई."

"साखर कधी तपासली?" ताईंनी विचारले.

"आख्खं गाव साखरंवर जगतंय, सिस्टर. मला एकट्यालाच कशी सोसायची न्हाई?"

सोनाबाई हसल्या नाहीत. चहा त्यांनी सगळ्यांना दिला आणि दिराचा हात पदराखाली धरून बसल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात ताईंनी त्यांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा फुंद्यांनी प्रकृती उत्तम असल्याचे सांगितले. पुढच्या फेरीच्या आदल्या दिवशी आम्ही पाच जणांनी ठरवले की त्यांना घाटात उतरू द्यायचे नाही. हे कोणी सांगायचे यावर एकमत झाले नाही. शिक्षक म्हणाले, पत्रकारांनी सांगावे. मी म्हणालो, सिस्टरनी. दुकानदार म्हणाला, "त्यांच्याकडून सायकल काढून घेणं म्हणजे सोनामावशीला आणि त्या दहा-बारा म्हाताऱ्यांना कुलूप लावण्यासारखं आहे." त्याचे म्हणणे खरे होते. रविवारी सहा दहाला आम्ही निघालो तेव्हा कोणीच काही सांगितलेले नव्हते.

घाटाच्या माथ्यावर धुके होते आणि वारा समोरून होता. रस्त्याकडेचे गवत पांढरे पडले होते. तिथे आम्ही नेहमी दोन मिनिटे थांबत असू. फुंद्यांनी सायकल उभी केली, ब्रेकची दांडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. ते हाताकडे पाहत होते. डोळ्यांनी बघूनच त्यांना दाबले की नाही ते कळत होते. मग ते सायकल हाताने ढकलत ओळीच्या पुढे आले, दुकानदाराच्याही पुढे उभे राहिले.

"आज मी म्होरं," ते म्हणाले. "मी पायी उतरनार."

दुकानदार म्हणाला, "मामा, मग आम्ही हळूहळू..."

"तुमी जा चालवत. म्होरच्याला वलांडायचं न्हाई, त्ये आज सोडा."

कोणी सोडले नाही. दुकानदार आधी उतरला, मग ताई, मग शिक्षक, शेवटी मी. सहा जण सहा सायकली हातात धरून करंजीचा घाट चालत उतरलो. थंडीत चालताना बोटे जास्त दुखतात, हे मला तेव्हा कळले. वळणावर कांद्याने भरलेला एक ट्रक आमच्या शेजारी मंद झाला. चालकाने काच खाली केली.

"काय वो, समद्यांच्याच पंक्चर झाल्या का?"

फुंदे थांबले नाहीत. "गाड्या ठीक हायत," ते म्हणाले. "ड्रायव्हर नापास झालाय एक."

ट्रकवाल्याला ते कळले नसावे. तो पुढे गेला. थोड्या वेळाने फुंदे ताईंना म्हणाले, "दिवाळीपासनं कळत न्हाई, सिस्टर. पायाचं त्याच्या आधीपासनं. रबरं बदलून बघितली." मग मान मागे न वळवता मला म्हणाले, "तुमच्या मागं व्हतो मी त्या पुलावर. तुमी का बोलला न्हाई, पत्रकार?"

मी पक्के कळायची वाट पाहत होतो. मी तसे सांगितले.

"यष्टीत कंडक्टर असता तर डबल बेल मारून गाडी काढली असती तुमी, बघितलं नसतं मागं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. घाटाच्या पायथ्याला करंजी गावात त्यांनी सायकल एका ओळखीच्या हॉटेलवाल्याकडे लावली आणि तिसगावकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी ताईंच्या रुग्णालयात त्यांची तपासणी झाली. साखर बरीच वाढलेली होती. बोटांची जी जाणीव गेली ती परत येण्याची शक्यता कमी आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. सायकल त्यांनी परत आणवली नाही. हॉटेलवाल्यालाच वापरायला दिली.

पुढच्या फेरीला आम्ही पाचच निघालो. ठरलेल्या वेळी टपरीवर फुंदे नव्हते आणि त्यांच्या घराला कुलूप होते. आम्हाला सायकलवर निघताना त्यांना बघवत नसेल, अशी अटकळ एका शिक्षकाने बांधली. मी शेवटी होतो. घाटात मागे कोणी नसल्याने मला सारखे वळून बघावेसे वाटत होते.

गावात पोहोचलो तेव्हा फुंदे सोनाबाईंच्या ओट्यावर बसलेले होते. पहिल्या एसटीने आले होते. गल्लीतल्या चार घरांचे कॉल लावून झाले होते.

"उशीर केला," ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलं नाही येणार म्हणून," दुकानदार म्हणाला.

"सांगायचं काय त्यात? पास हाय मला."

सोनाबाईंनी स्टीलच्या ग्लासांतून चहा आणला. आम्हाला दिला, दिराचा ग्लास मात्र त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवला. फुंद्यांनी हात पुढे केला. बोटे ग्लासापासून इंचभर अंतरावर थांबली. चुलीच्या वेळच्या जखमेवर नवी कातडी आली होती, फिकट गुलाबी. त्यांनी हात मागे घेतला.

"वैनी," ते म्हणाले, "बघा बरं. धरू का?"

सोनाबाईंनी ग्लासाला बाहेरून तळवा लावला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. आम्ही सगळे आपापला चहा पीत होतो, कोणी तिकडे पाहत नव्हते.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. पुन्हा हात लावून पाहिला. "हां. धरा आता."