तीन देश आणि पुण्याची एसटी

राज्यशास्त्र शिकवणारीला किस्से गोळा करावे लागत नाहीत. वर्गातल्या पोरींना देश करून टाकायचं आणि आपली खुर्ची भिंतीला लावून बसायचं. पाठ सुरक्षित असलेली बरी.

यंदा वसमतच्या आमच्या कॉलेजात तिघींना तीन छोटे देश दिले. जिल्ह्याची स्पर्धाच तशी होती: आपसात सहकार्य करायचं आणि एका बड्या लष्करी आघाडीत प्रवेश मिळवायचा. कुरुंद्याची वैष्णवी, तांड्यावरची सविता आणि गावातल्या पुजाऱ्यांची मृणाल.

पहिल्याच दिवशी मैत्रीकरार अडला. आधी सही कोण करणार? मी तीन प्रती काढल्या, तीन पेनं दिली आणि म्हटलं, "एक, दोन, तीन!" वैष्णवीने सही करून वर पाहिलं.

"मॅडम, ह्या दोघींनी नुसतं पेन टेकवलंय."

*

मग एकमेकींना फौजेची माहिती द्यायची होती. मृणालने रणगाड्यांचा आकडा चांगलाच फुगवला.

"अगं, मैत्रिणी आहेत ना तुझ्या?"

"आज आहेत, मॅडम."

*

सरावापुरते आघाडीचे प्रमुख झाले होते आमचे प्राचार्य. एका दुपारी सविता त्यांच्या केबिनबाहेर दिसली. "टाइम विचारायला आले," म्हणाली. हातात घड्याळ होतं. तेवढ्यात आतून मृणाल बाहेर पडली आणि जिन्यात वैष्णवी दिसली.

संध्याकाळी प्राचार्य म्हणाले, "तिघीही सांगून गेल्या, बाकीच्या दोघी भरवशाच्या नाहीत."

*

एवढं करून पोरी जिल्ह्यात पहिल्या आल्या. पुढची फेरी पुण्यात, दोन मुक्काम. वैष्णवीचे वडील म्हणाले, "त्या दोघी निघाल्या तर धाडतो." मृणालच्या वडिलांचंही तेच. सविताच्या वडिलांना तर माझाच संशय.

"मॅडम, त्या खरंच जाऊन राहिल्या, का तुमीच म्हणून राहिल्या?"

सविता मला बाजूला घेऊन म्हणाली, "दिवाळीनंतर माझं लगीन हाय. आता न्हाई गेले, तर मग न्हाईच."

*

निघायच्या सकाळी स्टँडवर गाडी लागली. वैष्णवीचे वडील रसवंतीच्या आड, मृणालचे पेपरामागे, सविताचे खांबामागे. पोरी आपापल्या वडिलांच्या पाठीमागे, बॅगा घेऊन. आधी दुसऱ्याची पोरगी चढू दे, एवढंच तिघांचं म्हणणं. मी तिघांकडे फेऱ्या मारून दमले.

कंडक्टरने घंटी मारली. तिघांनी मागे वळून पाहिलं, तर पोरी जागेवर नव्हत्या.

मी धावत गाडीत चढले. तिघी एकाच बाकावर बसल्या होत्या. सविताच्या वडिलांनी खिडकीचा गज धरला.

"आधी कोण बसलं गं?"

"तुमी तिघं एकमेकांवर नजर ठेवून राहिले व्हते ना, बापू," सविता म्हणाली, "तवाच बसलो आमी."