पांढरी चार

आमच्या नांदेडच्या घरात भांडण झालं की पत्रक निघायचं. आईवडील दोघंही कामगार चळवळीतले. मी अक्षरं शिकलो तीही पत्रकांवरूनच. त्यामुळे आमच्या गाण्याच्या गटातली माझी मैत्रीण एका कारखानदाराच्या वाढदिवसाला गायली तेव्हा मी तिला काही विचारलं नाही, फोनही केला नाही. एक पान लिहिलं, छापलं आणि नांदेडच्या एसटी स्टँडवर वाटलं. त्यात ‘तडजोड’ हा शब्द चार वेळा होता.

ती गेली, आणि तिच्यामागे बाकीचेही एकेक करून पांगले. गटाचा डिजिटल पियानो तेवढा माझ्याकडे लातूरच्या खोलीत राहिला. तो मीच वाजवायचो आणि ती गायची. आता रविवारी औशात सभा होती. गाणी म्हणायला मी एकटाच होतो.

सराव सुरू केला तर आवाज चिरकायला लागला. रोजच्यासारखी पांढरी एक, म्हणजे माझी नेहमीची पट्टी धरली, तरी अंतऱ्याला आवाज फाटायचा. हा दोष माझा असेल असं मला वाटलंच नाही. पियानो बिघडला, असं मी ठरवून टाकलं. अडॅप्टर बदलला, हेडफोनची पिन काढून पुन्हा घातली, पेडलची वायर उलटसुलट करून पाहिली. मोबाइलवर तानपुरा लावला तेव्हा दोघांचा सा जुळेना. म्हणजे सूर सुटला, असं मी मानलं. दार लावून तीन दिवस मी त्या यंत्राशी भांडत होतो. दुसरं कुणी नव्हतंच भांडायला.

चौथ्या दिवशी पियानो चादरीत गुंडाळून रिक्षाने एका दुकानात नेला. तिथले चाचा रेडिओपासून पेटीपर्यंत सगळं दुरुस्त करतात. त्यांनी दोन पट्ट्या दाबल्या, एक बटण धरून ठेवलं आणि छोट्या पडद्याकडे बोट केलं. तिथे पाचचा आकडा होता.

“पेटीचा सूर उतरतो, बेटा. याचा न्हाई उतरत,” चाचा म्हणाले. “कुणीतरी काळी-पांढरी मिळून पाच घरं वर चढवून ठेवलाय. तुम्ही पांढरी एक दाबून राहिलात, वाजून राहिलीय पांढरी चार. बंद केला तरी याच्या ध्यानात राहतंय.”

पांढरी चार ही तिची पट्टी.

मला पांढरी एकशिवाय दुसरीकडून धड वाजवता येत नव्हतं, पण तसं मी कधी कबूल केलं नव्हतं. तुझ्या पट्टीत वाजवतो, असं छातीठोकपणे सांगून मी वाजवायला बसायचो आणि पहिल्याच ओळीला अडखळायचो. मग एके दिवशी अचानक जमायला लागलं. तो रियाजाचा गुण, असं मी गटात सांगत फिरलो. ती शेजारी उभी राहून ऐकायची आणि पाणी प्यायची.

चाचांनी विचारलं, शून्यावर आणू का. मी म्हटलं, राहू द्या.

खोलीवर येऊन तिला फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला. पाचचा आकडा सापडला, असं मी सांगितलं. “मीच चढवला होता तो,” ती म्हणाली. मग मी पत्रकाबद्दल बोलायला लागलो.

“वाचलं ना मी ते,” ती म्हणाली. “स्टँडवर भजी घेतली, तर त्याच कागदात बांधून दिली. तेलात पार भिजलं होतं, पण माझं नाव दिसत होतं.”

“माझं चुकलं. आधी तुला विचारायला हवं होतं.”

“हाव.”

“रविवारी येशील?”

“न्हाई,” ती म्हणाली. मग थांबून, “आधी नीट वाजवायला शिक.”

कारखानदाराकडे गाऊ नये, हे मी आजही म्हणतो. पण रविवारी औशाला जाण्याआधी मी दुसरं पान छापलं. तिला न विचारता पहिलं लिहिलं, ही माझी चूक, आणि वाजवण्यातली लबाडीही माझीच, एवढंच त्यात होतं. सभेत ते वाटलं. आकडा शून्यावर आणून माझ्या पट्टीत एकट्याने गायलो. लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. उरलेली पानं घेऊन नांदेडला गेलो आणि त्याच स्टँडवर उभा राहून वाटली. तिचा फोन आला नाही.

पियानो आता शून्यावरच असतो. रोज संध्याकाळी पांढरी चारवरून वाजवायला शिकून राहिलोय. त्या पट्टीत लागणाऱ्या काळी पाचवर बोट अजून घसरतं.