हलगी : एक नग

“हलगी आत द्या. तुम्ही हितंच थांबा.”

मंगल कार्यालयाच्या दारात वॉचमन माझ्या वडिलांना म्हणाला. आबांनी खांद्यावरची हलगी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती अंगापासून लांब धरली आणि दुसऱ्या हातातल्या पंपानं तिच्यावर सॅनिटायझर मारलं. पुढून मारलं, मागून मारलं. कातड्यावरून ओघळ खाली आले.

“अवो, कातडं हाय ते,” आबा म्हणाले. “भिजलं की आवाज बसतोय.”

“कोरोना हाय पावणं. नियम हाय.”

मी दारापासून चार पावलांवर उभी होते. आतल्या बाजूला. मनगटावर हिरवी कागदी पट्टी, तोंडावर मास्क, हातात यादी. ती यादी मीच टाइप केली होती. माईक चार नग. कॅमेरे तीन नग. मॅट एक. हलगी एक नग. मॅनेजरनं जसं सांगितलं तसं मी लिहिलं होतं. पैलवान, पंच, निवेदक यांची नावं वेगळ्या पानावर होती. हलगी सामानाच्या पानावर होती. वाजवणारा माणूस कुठल्याच पानावर नव्हता.

मी हलगीपुढं बरोबरची खूण केली.

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. ओळख दाखवली नाही. तसं आमचं आदल्या दिवशीच ठरलं होतं.

कोरोनाचं पहिलं वर्ष सरत आलं होतं. दुकानं उघडली होती, पण कुस्तीच्या मैदानांना परवानगी नव्हती. जत्रा नाहीत, मैदानं नाहीत, म्हणजे आबांची हलगी खुंटीला. अशात अभयदादांनी कुस्तीची लीग काढली. शिरोलीला त्यांच्या घरचा कारखाना. पंचक्रोशीत त्यांच्या वडिलांना सगळे ‘थोरले’ म्हणतात. लीग म्हणजे मातीवर नाही, मॅटवर. बंद कार्यालयात, प्रेक्षक नाहीत, रंगीत दिवे, दोन रंगांचे दोन संघ आणि सगळं थेट मोबाईलवर. दुबई-अमेरिकेतले कोल्हापूरकर बघणार, त्यांची मुलं बघणार. म्हणून पडद्यावर खाली इंग्रजी ओळी हव्या होत्या. निवेदक मराठीत बोलेल ते ऐकायचं आणि लगेच इंग्रजीत टाइप करायचं. कॉलेजच्या सरांनी माझं नाव सुचवलं. बोलायचं काही नव्हतं, म्हणून मी हो म्हणाले. मी फार बोलत नाही.

आबांनाही तिथलाच निरोप आला होता. हलगीशिवाय कुस्ती कोल्हापूरच्या माणसाला कुस्तीच वाटत नाही, मग तो दुबईत असो की कुठंही. संध्याकाळी घरात आम्हाला कळलं की दोघांना एकाच ठिकाणी बोलावलंय. आबा हसले. मग जेवताना घास हातात धरून म्हणाले, “तिथं मला हाक मारू नगंस. तू आत बसून तुझं काम कर.”

मी म्हणाले, “बरं.”

मला हलकं वाटलं. तो हलकेपणा मी आजपर्यंत विसरलेले नाही.

तो नवाही नव्हता. इंग्रजी शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता, तेव्हा मी म्युझिशियन लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, कोणतं वाद्य. मी म्हणाले, ड्रम्स. पुढं दोन वर्षं एक मैत्रीण ड्रम सेट बघायला घरी येते म्हणत होती. मी दर वेळी काहीतरी कारण काढलं. आमच्या वस्तीला पूर्वी जातीवरून नाव होतं. आता कमानीवर दुसरं नाव आहे. पण हलगी म्हटलं की कमान वाचायची कुणाला गरज पडत नाही.

त्या दिवशी दारात जे झालं त्यावर मी लगेच विश्वास ठेवला नाही. म्हणजे ते जे वाटत होतं तेच आहे, यावर. कोरोना होताच की. सगळेच एकमेकांपासून लांब उभे होते. माझ्या सख्ख्या मावशीनं मला अंगणातून परत पाठवलं होतं. मग वॉचमनला बोल कशाला लावायचा, असं मी स्वतःला सांगितलं. आणि मग मोजायला लागले.

सकाळी नाकात काडी घालून टेस्ट करणारी नर्स एकच होती. माझी टेस्ट निगेटिव्ह. आबांचीही निगेटिव्ह, मी टेबलावरचा कागद बघितला. मला हिरवी पट्टी बांधली. आबांना सांगितलं, पट्ट्या संपल्या. अर्ध्या तासानं त्याच टेबलावर रबरात बांधलेला हिरव्या पट्ट्यांचा गठ्ठा मी बघितला. जेवणाची भांडी घेऊन केटररची चार माणसं आली. टेस्ट नाही, पट्टी नाही, एकाचा मास्क हनुवटीवर. सरळ आत. फेटे बांधणारा आला, आत. थोरल्यांसाठी सोफा घेऊन दोघं आले, आत.

बाहेर एकच माणूस होता.

माझं टेबल मॅटच्या कडेला होतं, दाराच्या बाजूनं काळ्या पडद्याचा आडोसा. पडद्यापलीकडे अभयदादा आणि मॅनेजर येऊन थांबले. मी त्यांना दिसत नव्हते.

“हलगीवाल्याला जनरेटरपाशी उभा कर,” अभयदादा म्हणाले. “माईक खिडकीतनं बाहेर दे.”

“आत कोपऱ्यात जागा हाय की दादा. टेस्टबी निगेटिव्ह हाय त्यांची.”

“मॅटची पूजा व्हायची हाय अजून. बजरंगबलीचा फोटो हाय तिथं. थोरल्यांनी बघितलं तर मला बोलतील.”

“मग सांगू काय त्यास्नी?”

“कोरोना सांग. त्याच्यावर कोण वाद घालतंय व्हय?”

दोघंही हसले नाहीत. कामाचं बोलणं होतं ते, वायर कुठून न्यायची तसलं.

संशय खरा निघाला तेव्हा मला आधी राग आला नाही. आधी भीती वाटली. कारण सकाळी त्या फोटोला हार मीच घातला होता. मॅनेजर म्हणाला होता, “तुमचा हात पोचतोय मॅडम, घाला की.” मी पट्टी बांधलेला हात ओढणीखाली घेतला आणि कुणी माझं आडनाव नीट वाचलंय का, याचा विचार करत बसले. माझे वडील भिंतीपलीकडे उन्हात उभे होते आणि मी हा विचार करत होते.

खिडकी उंचावर होती. खुर्चीवर उभं राहिलं की बाहेरचं दिसे. मी वायर बघण्याचं निमित्त करून एकदा चढले. आबांना हलगी परत दिली होती; जनरेटरच्या तापलेल्या पत्र्यापाशी ती धरून ते उभे होते. कातडं शेकवत होते. एरवी मैदानात ते कागदाचा जाळ करतात. इथं मॅनेजरनं जाळाला नाही म्हटलं होतं. तो शेजारीच उभा होता आणि आबा त्याला समजावत होते.

“साहेब, लढणारी जोड दिसायला पायजे मला. पैलवान कानानंबी लढतोय. त्यानं हात घातला की हिकडं हलगी चढाय पायजे. न बघता वाजवू कसं?”

“वाजवा की नुसतं. मोबाईलवर कुणाला कळतंय?”

 आबांनी हलगी उलटी करून परत पत्र्याशी धरली.

दुपारी थोरले आले. नारळ फुटला, फेटे बांधले गेले, कुस्त्या लागल्या. पहिल्या तीन कशाबशा निभावल्या. मी निवेदकाचं ऐकत होते आणि टाइप करत होते. हलगी चालू होती, पण ती माझ्या आबांची हलगी नव्हती. कातडं अजून ओलसर असावं. कडक आवाज उठतच नव्हता.

शेवटची मोठी कुस्ती. लाल कपड्यातल्या पैलवानानं निळ्याचा पट काढला, म्हणजे झडप घालून त्याचा पाय धरला. दोघं मॅटवर आले. इथं हलगी पेटते. लहानपणी आबांच्या मांडीला टेकून मी शेकडो वेळा ते ऐकलंय. त्या दिवशी बरोबर तिथंच हलगी संथ होती. आणि पैलवान सुटे होऊन एकमेकांभोवती फिरायला लागले तेव्हा बाहेर हलगी एकदम जोरात सुरू झाली.

निवेदकानं माईक तोंडाशी घेतला. “बघा की रं कोणतरी, आमचा हलगीवाला जेवून झोपला का काय. कुस्ती हितं लागलीया आणि ह्यो वरातीत चाललाय.”

कार्यालयात हशा पिकला. थोरले सोफ्यावर हलून हसले. माझ्यासमोरच्या कॉम्प्युटरवर बघणाऱ्यांनी पाठवलेले हसरे चेहरे वर सरकत गेले, दहा, वीस, मोजता येईनात.

अभयदादा पडदा बाजूला करून माझ्या टेबलाशी वाकले. “घे की गं, इंग्लिशमधी घे हे. तिकडची लोकंबी हसू देत.”

माझी बोटं कीबोर्डवर होती. वाक्य तयारही झालं होतं डोक्यात. चांगलं इंग्रजी वाक्य होतं, छोटं, हसू येईल असं. मला ते येतं, म्हणून तर मी आत होते.

मी ते लिहिलं नाही. मी इंग्रजीत लिहिलं: हलगी वाजवणारे माझे वडील आहेत. आज सकाळी त्यांची टेस्ट निगेटिव्ह आली आहे. तरी त्यांना बाहेर जनरेटरजवळ उभं केलं आहे, कारण आत देवाची पूजा मांडली आहे. त्यांना कुस्ती दिसत नाही.

बटण दाबलं. ओळी पडद्यावर गेल्या. मी हात मांडीवर ठेवले आणि पुढं काहीही टाइप केलं नाही, त्यामुळं त्या तिथंच राहिल्या.

आत कुणीच वाचलं नाही. समोर भिंतीवर भला मोठा पडदा होता, त्यावर ते अक्षर न् अक्षर दिसत होतं. अभयदादा त्याच्याकडे बघत टाळ्या वाजवत होते. कुस्ती संपली, लालचा हात वर झाला, तरी ओळी तशाच. मग अभयदादांचा फोन वाजला. दुबईहून त्यांचे मेहुणे. ते ऐकत गेले आणि हळूहळू मान वर करून पडद्याकडे बघितलं. वाचायला त्यांना वेळ लागला.

“तू त्यांची मुलगी हायस?”

“हो.”

“मग आधी सांगायचं न्हाय व्हय?”

“सांगितलं असतं तर काय केलं असतं?”

 त्यांची नजर माझ्यावरून फोटोकडे गेली, फोटोच्या हाराकडे, परत माझ्या हातांकडे.

“हार तूच घातलास न्हवं सकाळी?”

 मॅनेजर खाली बघत होता. “आम्ही तुला मॅडम मॅडम म्हणत होतो,” अभयदादा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. फसवलं गेल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

मी हिरवी पट्टी फाडून टेबलावर ठेवली आणि बाहेर आले.

आबा भिंतीला टेकून बसले होते. हलगी मांडीवर. मी पहिल्यांदाच त्या आवारात हाक मारली, “आबा.” त्यांनी इकडंतिकडं बघितलं.

“काय केलंस?”

मी सांगितलं. काय लिहिलं तेही सांगितलं.

“इंग्लिशमधी?”

“हो.”

“मग हितल्यांस्नी काय कळलं?” ते उठले, हलगी खांद्याला लावली. “आणि मला इचारलं हुतंस?”

 आम्ही स्कूटरवरून घरी आलो. पुढं चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं होतं ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील. तसं काही झालं नाही. मैदानं परत सुरू झाली तेव्हा दोन ठिकाणचे ठरलेले निरोप आलेच नाहीत. आई म्हणाली, “झालं का समाधान?” 

आबांचं बरोबर होतं. मी सुरक्षित भाषेत बोलले होते. जे लांब आहेत, ज्यांना आमची कमान माहीत नाही, त्यांना सांगितलं. जे समोर सोफ्यावर बसले होते, त्यांना नाही. दारात चार पावलांवर उभी असताना तर एक अक्षरही नाही. शाळेनं मला इंग्रजी दिली आणि मी तिच्यामागं लपायला शिकले. म्हणून हे मराठीत लिहितेय. अडखळत लिहितेय, पण अभयदादांना वाचायला या वेळी वेळ लागणार नाही.

त्या लीगचे व्हिडिओ अजून आहेत. त्या दिवशीचा आबांच्या हलगीचा आवाज त्यांनी ठेवून घेतला आणि पुढच्या प्रत्येक कुस्तीला तोच लावला. आतलं काही न बघता वाजवलेली हलगी, कुठल्याही जोडीखाली.

मागच्या आठवड्यात मॅनेजरचा फोन आला. लीग परत होतेय, यंदा प्रेक्षकांसह, त्याच कार्यालयात. “पैलवान रेकॉर्डवर लढायला तयार न्हाईत,” तो म्हणाला. “मागचं मागं. रविवारी हलगी पाठवून द्या.”

आबा फोन ठेवून म्हणाले, “जाणार मी. माझं काम हाय ते.”

“मी पण येते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “हाक मारशील?”

“दारातच मारीन.”

 त्यांनी हलगी खुंटीवरून काढली आणि ती पुसत बसले.

आता कोरोना नाही. या वेळी ते काय कारण सांगतील, मला माहीत नाही. काहीतरी शोधतील. जागा कमी आहे म्हणतील, आवाज फार होतो म्हणतील, पूजा आहे असं तोंडावर म्हणायची हिंमतही करतील कदाचित. मी सगळं ऐकून घेईन आणि परत एकदा विचारीन, सगळ्यांसमोर, मराठीत. दारात हलगी माझ्या खांद्यावर असेल. पंप घेऊन कुणी पुढं आलं तर तिला हात लावू देणार नाही. यादी मागून घेईन आणि ‘हलगी एक नग’ खोडून तिथं माझ्या वडिलांचं पूर्ण नाव लिहीन, आडनावासकट. मग त्यांना मॅटच्या कडेला, जोड दिसेल अशा जागी उभं करीन. ती जागा मिळाली नाही तर हलगी वाजणार नाही.