नीळकंठाचा गळा

लग्नानंतर वर्षभरातच मी फोटोंना रंग द्यायला शिकले. सेलूला आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्याच मागे दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. फोटो काळे-पांढरेच निघायचे. ज्याला हौस तो वर रंग चढवून घ्यायचा. हे गिऱ्हाइकाला विचारून फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायचे, 'लुगडं हिरवं, काठ तांबडे', आणि मी काडीला कापूस गुंडाळून तसं रंगवायची. लुगडं खरोखर कोणत्या रंगाचं होतं, ही चौकशी आपण करायची नाही. गिऱ्हाईक सांगेल तो रंग, हा धंद्याचा नियम. मला तो मनातून कधी पटला नाही. मुळात मला नसत्या चौकशांची खोडच.

त्या वर्षी भादव्यात सासरे गावी, वालूरला, बैलगाडीतून पडले आणि मांडीचं हाड मोडून बसले. ह्यांनी त्यांना सेलूला आणलं, बाहेरच्या खोलीत खाट टाकली. मामंजींना दुखण्याचं फारसं काही वाटत नव्हतं. त्यांचा घोर वेगळाच होता. दसऱ्याला शिवेबाहेर जाऊन नीळकंठ पक्षी पाहायचा, हा नेम त्यांनी कळत्या वयापासून मोडला नव्हता. रझाकारांच्या धामधुमीतसुद्धा कुणाला न सांगता जाऊन आले होते.

"औंदा नीळकंठ न्हाई दिसला, तर म्होरला दसरा मला काई दिसत न्हाई," ते म्हणाले. आवाजात रडं नव्हतं, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

हे म्हणाले, "दादा, मी फोटो काढून आणतो. खाटेवरच दर्शन घ्या."

मामंजींनी जरा विचार केला. "चालंल. पर रंगासकट पायजे. काळ्या पाखराचं काय दर्शन घ्यायचं?"

झालं! रंगाचं काम माझ्या अंगावर आलं. पण नीळकंठाचा रंग नेमका कसा? मी विचारत सुटले. शेजारीण म्हणाली, मोरासारखा. दूधवाला म्हणाला, पार चोचीपर्यंत निळा. मामंजींना तर शंकाच नव्हती. "निळा. अन् गळा लय गर्द निळा. म्हादेवाचं पाखरू हाय ते."

"पण तुम्ही नीट पाहिलाय का, मामंजी?"

"दिसला की डोळे मिटून हात जोडायचे, सूनबाई. टकामका बघत बसायचं असतंय व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अख्खं गाव दरसाल त्या पक्ष्याला शोधत हिंडायचं आणि सापडला की त्याच क्षणी डोळे मिटून घ्यायचं.

मग मीही हटून बसले, की मी येणार. चालत्या माणसाला पाखरू बुजतं, बैलगाडीला बुजत नाही, म्हणून आम्ही गाडी जुंपून रुळाच्या कडेनं निघालो. तारायंत्राच्या तारेवर तो बसलेला होता. माझी घोर निराशा झाली. तपकिरी पाठ, मोठं डोकं, आखूड मान, एकूण सुस्त स्वारी. "हाच का तो?" मी ह्यांना विचारलं. तेवढ्यात खाली गवतात त्याला नाकतोडा दिसला, त्यानं पंख उघडले आणि मी चक्क ओरडले. एक पट्टा गडद निळा, दुसरा फिका निळा, असे दोन्ही पंखांवर मांडलेले. परत तारेवर बसला आणि सगळं मिटून टाकलं. एवढी दौलत अंगावर असून हा ती झाकून का बसतो, हे कोडं मला त्या दिवसापासून लागलं ते लागलंच.

आम्ही रोज सकाळी जायला लागलो. एकदा तारेखाली त्याचं पीस सापडलं. घरी येऊन ओल्या बोटानं चोळलं, तर बोटाला रंग म्हणून लागेना. खिडकीसमोर उजेडाला धरलं तर निळा गायब, नुसता मातकट तपकिरी! उजेडाकडे पाठ करून पाहिलं की पुन्हा निळं. त्या नादात चुलीवरचं वरण करपलं आणि बोलणी खाल्ली. पुढे बऱ्याच वर्षांनी कुणीतरी सांगितलं, की तो निळा रंग पिसात नसतोच, उजेडच तिथे तसा उलटून येतो. मला ते निम्मंच कळलं, पण ऐकून आनंद मात्र पुरेपूर झाला.

फोटोंत पंखांचा नुसता धूर यायचा. शेवटी एक साधला. पाय तारेवरून सुटतायत आणि एक पंख पुरता उघडलाय. निळ्याच्या जागा कागदावर पांढुरक्या उमटल्या होत्या, त्यामुळे रंग छान धरला. पंख झाले, शेपूट झालं, आणि मी गळ्यापाशी अडले.

कारण त्याचा गळा निळा नव्हता. इतके दिवस रोज सकाळी मी पाहत होते. तो तांबूस होता, त्यावर बारीक पांढऱ्या रेघा.

"निळा देऊन टाक," हे म्हणाले. "गिऱ्हाईक सांगेल तो रंग."

"मामंजी गिऱ्हाईक आहेत का?" मी फणकारले, पण आतून पुरती घाबरले होते. निळा दिला असता तर ते सुखानं हात जोडणार होते. खरा दिला आणि 'हा माझा नीळकंठ नव्हं' म्हणाले तर? माझ्या हट्टापायी म्हाताऱ्यानं जगायची उमेदच सोडली असती. रडू यायला लागलं. तरी माझा हात निळ्याकडे वळेना. मी तांबूस रंग कालवला आणि रेघा तशाच पांढऱ्या सोडल्या.

दसऱ्याला मामंजींनी खाटेवरच फेटा बांधला. मी फोटो समोर धरला. सवयीनं त्यांचे डोळे मिटायला लागले, हात वर यायला लागले आणि अर्ध्यावरच थांबले.

"चष्मा दे."

चष्मा लावून त्यांनी फोटो माझ्याकडून घेतला. बराच वेळ पाहिलं. "गळा निळा न्हाई ह्याचा."

"नाही, मामंजी."

"तू सोता बघितलास?"

"रोज बघायची."

ते पुन्हा फोटोकडे वळले. "अन् ह्ये पोटाखाली फिक्कं निळं हाय का? शेपटीला बी हाय? मग बसल्यावर कुटं जातंय गं समदं?" एकामागून एक विचारायलाच लागले. मी खाटेच्या कडेला टेकून सांगत राहिले. आपट्याची पानं घेऊन मंडळी दारात येऊन उभी राहिली, तरी त्यांची मान वर होईना.

"जलमभर दर्शन घेतलं," ते म्हणाले. "पाखरू आज बघायलोय."

दोन्ही हातांनी फोटो धरलेला होता. हात जोडायचे राहूनच गेले.