दत्तामामाच्या कॅसेटी

आमच्याकडे पाहुणा आला की चहाचं आधण ठेवायच्या आतच कुणीतरी म्हणतं, "तो पेटीचा किस्सा सांगा की." मग दत्तामामा सांगतो. तो सांगतो तेव्हा दर वेळी किश्शात एखादा माणूस वाढतो आणि मूळचं थोडं गळतं. मी तिथेच दाराशी बसलेली असते, पण चारचौघांत मध्येच बोलणं मला जमत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

मी नववीत आहे. घर पिंपळगाव रेणुकाईला, पण शाळेसाठी अंबडला आजी आणि मामाजवळ राहते. मामा कोर्टात कारकून आहे, वय एकतीस. त्याच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी आहे आणि तिच्यात टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी आहेत. पिवळ्या, राखाडी, एक लाल. मामा खेळतो कमी, जमवतो जास्त. नवी कॅसेट हातात आली की तो आधी तिचा वास घेतो. आजीचं म्हणणं असायचं, या पेटीपायीच त्याचं लग्न होत नाही.

*

कोर्टात पुराव्याच्या कागदाला निशाणी क्रमांक घालतात. मामाने प्रत्येक कॅसेटला तसाच क्रमांक चिकटवलाय.

रफिककाका मामाचा शाळेपासूनचा मित्र. एसटीत कंडक्टर. औरंगाबादच्या फेरीला गेला की तिथल्या दुकानांतून मामासाठी कॅसेटी शोधून आणतो. एकदा त्यानेच आणलेली मोटारींच्या शर्यतीची कॅसेट त्याला दोन दिवस घरी न्यायची होती. मामा म्हणाला, अर्ज दे. काकाने हसत हसत माझ्या वहीच्या पानावर अर्ज लिहिला. मामाने तो पूर्ण वाचला, खिशात ठेवला आणि सोमवारची तारीख दिली. सोमवारी गुरुवारची दिली. गुरुवारी म्हणाला, निशाणी सापडून नाही राह्यली.

शुक्रवारी मामाला जालन्याला जायचं होतं. गाडी नेमकी रफिककाकाची. एकच सीट रिकामी, आणि तिच्यावर काकाची तिकिटांची पेटी. मामा ती उचलायला वाकला तर काका शांतपणे म्हणाला,

"अर्ज आणला का?"

जालन्यापर्यंत मामा उभा!

*

एकदा मामाने जालन्याहून एक कॅसेट आणली. तिच्यावर लिहिलं होतं, '९९९९९९ इन १'. म्हणजे एका कॅसेटमध्ये दहा लाखांना एक कमी इतके गेम. दुसऱ्या कुणी आनंदाने खेळायला घेतली असती. मामाने दोनशे पानी वही घेतली आणि मोजायला बसला. तो एकेक गेम लावायचा, मी नाव लिहायचे.

पंधराव्या गेमला पहिलाच गेम परत आला. मामाला वाटलं चुकून असेल. तीन रविवार आम्ही लिहीत होतो. चारशे बारापर्यंत गेलो. तेच चौदा गेम, नावं मात्र नवी नवी.

आजी म्हणाली, दुकानदाराच्या तोंडावर नेऊन मार ती. मामाने कॅसेट पुसली, क्रमांक चिकटवला आणि पेटीत ठेवली.

"खोटी असली तरी काय झालं," तो म्हणाला. "अशी खोटी आपल्याकडं नव्हती."

*

आजी उन्हाळ्यात घरातल्या सगळ्या वस्तूंना ऊन दाखवते. तूर, हरभरा, गोधड्या, झाडून सगळं गच्चीवर जातं आणि मग कडुनिंबाचा पाला घालून परत डब्यात. एका वर्षी मामा कामावर असताना तिने कॅसेटीही नेल्या. एका साडीवर डाळ, दुसऱ्या साडीवर गेम. संध्याकाळी पेटीत भरताना थरावर थर पाला घातला.

मामाने पेटी उघडली आणि खाली बसला. खाचांमध्ये अडकलेली पानं तो चिमट्याने काढत होता, आणि एका कॅसेटमधून तर हरभऱ्याची डाळ निघाली. जेवला नाही. आजीशी बोललाही नाही. मग एकेक लावून पाहू लागला. दोन वर्षांपासून बंद पडलेली विमानाची कॅसेट त्या दिवशी पहिल्या झटक्यात चालू झाली.

पुढच्या वर्षी चैत्र लागायच्या आधीच मामाने विचारलं, "आई, ऊन कधी दाखवायचं?"

*

खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या कामाच्या हत्यारांची पूजा असते. मामाने पाटावर आपलं पेन ठेवलं, स्टॅम्पपॅड ठेवलं आणि शेजारी गेमचा रिमोटही ठेवला. आजीने सगळ्यांना सारखं हळदकुंकू वाहिलं. कुंकू थोडं सढळ हाताने पडलं.

संध्याकाळी रफिककाका खेळायला आला. पाहतो तर पडद्यावरचा माणूस आपोआप उड्या मारतोय. कुंकवाने बटण आत अडकलं होतं. काकाने रिमोट खाली ठेवला तरी उड्या चालूच.

आजी भाजी निवडता निवडता म्हणाली, "राहू द्या. देव खेळून राह्यला."

*

गेल्या वर्षी मामाला पाहायला परतूरकडचे पाहुणे आले होते. मुलीचे वडील आणि काका. पेटी खाटेखाली ढकलून आजीने पुढे चादर सोडली होती. पण पाय पसरताना वडिलांचा पाय पेटीला लागला. हे काय, ते काय, करता करता मामाने गेम जोडून दिला. वडील खेळायला बसले. दुपारचं जेवण त्यांनी टीव्हीसमोरच केलं. शेवटची गाडी गाठायला पळतच निघाले आणि लग्नाचा विषय राहूनच गेला.

आठ दिवसांनी मुलीच्या आईचा निरोप आला. मुलगा चांगला आहे, नोकरीही चांगली आहे, पण आमच्याच घरात असा एक आहे, दुसरा नको.

त्या दिवशी आजीने हसण्यावारी नेलं नाही. येत्या दिवाळीच्या आत लग्न जमलं नाही तर पेटी भंगारात घालीन, असं तिने मामाला सांगितलं. रात्री तो एकेक कॅसेट काढून नुसती पाहत होता.

*

त्याच वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही टेंभुर्णीला मुलगी पाहायला गेलो. आजी, मामा आणि मी. गाडीत आजीने मामाला पढवलं. छंद विचारला तर वाचन म्हणायचं, पेटीचं नाव काढायचं नाही. मला तिने काही सांगितलं नाही, कारण मी बोलेन असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मुलीचे वडील शाळामास्तर. पोहे झाल्यावर त्यांनी छंद विचारलाच. मामाने वाचन सांगितलं.

"वा. सध्या काय वाचून राह्यले?"

मामा पोह्यातले शेंगदाणे बशीच्या कडेला लावत बसला. मग म्हणाला, "कोर्टाचे कागद."

मास्तर माझ्याकडे वळले. "तू सांग बाळा, मामा घरी काय करतो?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. खोटं सांगायला जेवढं बोलावं लागतं तेवढं मला बोलता येत नाही. मी म्हणाले, "गेमच्या कॅसेटी जमवतो. बेचाळीस आहेत."

आजीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, पेटी गेली, आणि ती मी घालवली.

मुलगी, सुरेखा तिचं नाव, चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि सरळ मामाला विचारलं, "बेचाळीस वेगवेगळ्या?"

मामाने पहिल्यांदाच मान वर केली. "न्हाई. चार डबल आहेत."

"मंग डबल कुणाला देत न्हाई तुम्ही?"

"डबल कशी द्यायची?"

"बराबर," ती म्हणाली आणि आत गेली. आतून तिच्या आईचा दबका आवाज आला, सुरेखा, नको, पाहुणे बसलेत. पण ती पाच जाडजूड वह्या पोटाशी धरून बाहेर आलीच. वह्यांच्या पानापानावर काडेपेट्यांचे छाप चिकटवलेले होते. वाघ, जहाज, किल्ली, घोडा. मास्तर सतरंजीकडे पाहू लागले.

"सहावीपासून जमवून राह्यले," ती म्हणाली. "ह्या माझ्यासंगं येतील. कुणी फेकायचं म्हणालं तर मला हे लग्न नको."

मामाने बशी बाजूला सारली. रुमालाने दोन्ही हात पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनही पुसले, आणि मग पान उलटलं. एका ठिकाणी तो थांबला.

"हे जहाज उलटं छापलंय."

"म्हणूनच ठेवलंय," सुरेखा म्हणाली.

मामाने पुढचं पान उलटलं नाही, तेच पाहत राहिला. मास्तरांनी घसा साफ केला. मुलगी स्वयंपाकाला सुगरण आहे, शिवणकामही येतं, असं काहीतरी ते घाईघाईने सांगू लागले. आजीचं लक्ष नव्हतं. तिने त्या पाच वह्यांकडे पाहिलं. मग मामाकडे पाहिलं. मग पदर सारखा करून मास्तरांना म्हणाली,

"व्याही, आता कपाट मोठं घ्यावं लागंल."