सरांची चूक

काल माझ्या सातवीच्या वर्गात एका मुलीनं ‘नाइफ’ला ‘कनाईफ’ वाचलं आणि सगळा वर्ग हसला. मला एकदम आमचे इंग्रजीचे सर आठवले. वळसंग गावाहून मी सोलापूरच्या शाळेत आले तेव्हा मीही तसंच वाचलं होतं. सरांनी मला तासभर बाकावर उभं केलं, माझे पाय भरून आले तरी ते हसत राहिले. वर्षभर पोरी मला कनाईफच म्हणायच्या.

त्या रागावरच मी इंग्रजीची शिक्षिका झाले. पुढे एका शिक्षक प्रशिक्षणात मी शिकवायला होते आणि समोर तेच सर, निवृत्तीला आलेले. त्यांनी मला ओळखलं नाही. आदल्या दिवशी वाटलेला उतारा मी मुद्दाम त्यांनाच वाचायला सांगितला. ‘रिसीट’ला ते ‘रिसिप्ट’ म्हणाले.

“सर, त्यातला पी म्हणायचा नसतो की! परत वाचा.”

मी तीनदा वाचायला लावलं. सगळे शिक्षक हसले. ते हसू मला लई गोड लागलं.

“चुकलं, मॅडम,” म्हणत ते बसले. मी जवळ गेले तर त्यांच्या कागदावर प्रत्येक अवघड शब्दावर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहिलेले.

“शाळेपासूनची सवय हाय,” ते पुटपुटले. “मोठ्यानं वाचायची लई भीती वाटती.”

तेव्हा मला क्षणभर त्यांची दया आली होती. काल त्या मुलीचा पडलेला चेहरा पाहिला, आज येत नाही. ज्याला ती भीती पुरती ठाऊक होती, तोच माणूस एका लहान मुलीला हसला. हे मी कधीच माफ करणार नाही.